देवबागच्या समुद्रातला डॉल्फिन: बाबांना तो दिसला नाही, ऐकू आला

महालची_लेक · 11 जानेवारी, रात्री 9.50

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन कोकणात जाऊन आले. तेव्हापासून लिहायचं होतं, आज बसले.

बाबा 74 वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त. सगळी नोकरी अजनी, आमला, बल्लारशा या पट्ट्यात गेली. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही मुंबईला चौपाटीवर, अर्धा तास. त्यांना काचबिंदू आहे. समोरचं मधलं थोडं दिसतं, कडेचं जवळजवळ गेलेलं आहे. त्यामुळे "ते बघा, उजवीकडे" असं कोणी म्हटलं की मान वळवून ती जागा सापडेपर्यंत जे काय असेल ते निघून गेलेलं असतं. ताडोब्यात दोनदा असंच झालं. जिप्सीतल्या सगळ्यांनी वाघ पाहिला आणि बाबांनी बांबू पाहिले.

नागपूरहून मडगावला जाणाऱ्या गाडीनं कुडाळला उतरलो, जवळजवळ पूर्ण एक दिवसाचा प्रवास. तिथून रिक्षानं देवबाग. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथे एका घरी राहिलो.

पहिल्या दिवशी सगळे जातात त्या बोटीनं गेलो. बोटीत 12 माणसं. संगमातून बाहेर पडून भोगव्याच्या बाजूला आलो, तर तिथे आधीच 8-9 बोटी. कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळ्या बोटी एकाच दिशेला सुटल्या. तीन मोठे डॉल्फिन होते आणि त्यांना चिकटून एक लहान. ते खाली गेले की बोटी गोल करून थांबायच्या, दुसरीकडे वर आले की पुन्हा तिकडे. वीस-एक मिनिटं हेच. डिझेलचा धूर, आरडाओरडा, "इकडे इकडे", प्रत्येकाचा मोबाइल वर. प्रत्येक वेळी ते थोड्या जास्त लांब वर यायचे आणि लहान तेवढंच चिकटून. मला पाहताना बरं वाटेना. बाबा जॅकेटचा पट्टा धरून बसले होते. "दिसला का गं?" म्हणाले. मी हो म्हटलं. म्हणाले, "मला नुसती इंजिनं ऐकू आली."

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका जुने मासेमारी करणारे. संध्याकाळी जेवताना बाबांच्या डोळ्यांचं त्यांना कळलं. जास्त काही बोलले नाहीत. "सकाळी सातच्या आत निघूया, वारो सुटायच्या आधी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लहान होडीत आम्ही तिघंच. पाणी तेलासारखं सपाट होतं. किनाऱ्यापासून फार लांब गेलोच नाही, माडांची रांग स्पष्ट दिसत होती. एका जागी त्यांनी इंजिन बंद केलं. "आता गप रवा. तेंच्या वाटेर बसलो आसो आपण. तेंच्या मनात आसला तर येतले."

चाळीस मिनिटं काहीही नाही. होडीला पाणी लागल्याचा आवाज आणि लांबून कुठल्या तरी देवळातली घंटा. मी तीनदा घड्याळ पाहिलं. बाबा मात्र डोळे मिटून बसले होते आणि अगदी खुशीत होते.

मग मागून आवाज आला. फूऽऽस. जोरात आणि अगदी थोडा वेळ. बाबा पटकन म्हणाले, "व्हॅक्यूम सुटला!" ज्यांनी जुन्या गाड्यांचे ब्रेक सुटताना ऐकले असतील त्यांना कळेल, अगदी तोच आवाज. मग दुसरा, थोडा बारीक. मग पुन्हा पहिला. बाबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन आवाजांमध्ये किती वेळ जातो ते त्यांच्या लक्षात आलं आणि पाचव्या वेळी त्यांनी आधीच हात डावीकडे केला. आवाज तिथूनच आला.

शेवटी एक इतका जवळ आला की वल्हं लांब केलं असतं तर लागलं असतं. आधी लांब तोंड पाण्याबाहेर आलं, मग करडी पाठ, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. पाठीवर पांढऱ्या रेघा, जुन्या जखमांच्या असाव्यात. श्वासाला शिळ्या मासळीचा वास होता. आमच्या तोंडावर बारीक तुषार आले, ते लाटेचे की त्याच्या श्वासाचे ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे एकही फोटो नाही. हात खिशाकडे गेलाच नाही.

परतताना बाबा म्हणाले, "आज मी तुमच्याइतकंच पाहिलं."

म्हणून हे लिहिते आहे. इथले कितीतरी लोक मे महिन्यात आणि दिवाळीत कोकणात जातात. बोटवाल्याला फक्त एक विनंती करा: इंजिन बंद करून थांबा. समुद्र आपल्या सवयीचा नाही, पण जंगल आहे. जंगलात कसं वागायचं ते आपल्याला येतं.

---

पेंचवाला · 11 जानेवारी, रात्री 10.35

ताई, पहिल्या बोटीचं वर्णन वाचताना मला समुद्र दिसलाच नाही, उमरेडचा रस्ता दिसला. 31 डिसेंबर 2024 ची गोष्ट आठवते ना? उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी लागल्या. त्यांना ना पुढे जाता येईना ना मागे. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली.

वाघाच्या बाबतीत आपण निदान ओरडतो तरी. कारण वाघ आपला आहे, आणि त्याचा राग दिसतो: तो गुरगुरतो, कान मागे घेतो, शेपूट आपटतो. डॉल्फिनच्या चेहऱ्याची ठेवणच हसल्यासारखी आहे. घाबरलेला असला तरी तो हसतोय असंच वाटतं. मला वाटतं सगळा घोळ तिथेच होतो.

जंगलात आम्ही नवीन लोकांना एकच सांगतो. वाघ चालत असेल तर त्याच्या मागे गाडी लावू नका, तो कुठे निघेल त्याचा अंदाज घ्या आणि तिथे आधीच गप्प उभे राहा. तुमच्या त्या काकांनी नेमकं हेच केलं.

---

ऑरेंज_भाऊ · 11 जानेवारी, रात्री 11.20

ताई, बाबांचं वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. पण एक गोष्ट मनापासून विचारतो, राग नका मानू.

आम्ही फेब्रुवारीत जाऊन राह्यलो. दोन पोट्टे, आई, आम्ही दोघं. पाच जणांचं तिकीट, राहणं, खाणं. एवढा खर्च माणूस दरवर्षी नाही करू शकत. मुलगी चौथीत आहे, दोन महिन्यांपासून वहीत डॉल्फिनच काढून राह्यली. आता मी बोटवाल्याला म्हणू की भाऊ इंजिन बंद कर, आणि काहीच नाही आलं तर? पोरीले काय सांगू? बोटवाला बिचारा जवळ नेतो तो आपल्यासाठीच नेतो ना? आणि समुद्र एवढा मोठा आहे, डॉल्फिनले त्रास झाला तर तो निघून जाईल. तो काऊन येते तिथंच रोज?

---

मालवणी_मिहान · 12 जानेवारी, सकाळी 7.15

मी मूळ मालवणचा, नोकरीसाठी सहा वर्षं नागपुरात, मिहानमध्ये. माझे दोन चुलत भाऊ बोटी चालवतात, म्हणून थोडं त्यांच्या बाजूनंही लिहितो.

ऑरेंज भाऊंचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो निघून का जात नाही? कारण त्याला जायला जागाच नाही. आमच्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा कुबडवाला डॉल्फिन, ताईंनी वर्णन केलेला तोच. तो खोल समुद्रातला प्राणी नाही. खाडीची तोंडं, उथळ पाणी, किनाऱ्यालगतचा चिंचोळा पट्टा, एवढंच त्याचं घर. समुद्र अफाट आहे, पण याच्या वाट्याला त्याची नुसती किनार आलेली आहे. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आमची जाळी, आमच्या पर्यटनाच्या बोटी, बंदरं आणि गावांचं सांडपाणी. 2017 पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. आम्हाला तो रोज दिसतो म्हणून तो भरपूर आहे असं आम्हालाही वाटायचं.

हा डॉल्फिन बोटीपुढे उड्या मारत खेळणाऱ्यातला नाही हेही लक्षात घ्या. जाहिरातीत दाखवतात ते बहुतेक दुसऱ्या जातीचे असतात. लक्षद्वीपला जाताना जहाजाच्या नाळेपुढे गिरक्या घेणारे दिसतात, ते वेगळे. आमचा लाजाळू आहे. बोट अंगावर आली की तो खाली जातो. त्यामुळे पाठलाग करून जवळून बघणं हे मुळातच जमत नाही, शेपटीच दिसते.

आता बोटवाल्यांचं. पावसाळ्यात धंदा बंद, उरलेल्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं. पाट्यांवर 'डॉल्फिन दर्शन' लिहिलेलं असतं आणि दिसला नाही तर गिऱ्हाईक भांडतं, पैसे कापतं. शेजारच्या बोटीतल्यांना दिसला आणि आपल्या बोटीतल्यांना नाही, तर आमच्या पोरांनाच शिव्या बसतात. माझा भाऊ म्हणतो, "माका सांगणारो पायजे ना की इंजिन बंद कर. सगळे सांगतत, अजून जवळ घे." म्हणजे चावी बोटीत बसणाऱ्याच्या हातात आहे.

बोटवाल्याशी बोलताना हे एवढं मागा. समोरून किंवा थेट मागून जायचं नाही, बाजूनं, त्यांच्या चालीच्या दिशेनंच हळू जायचं. साधारण 50 मीटरवर थांबायचं. त्यापुढचं अंतर कापायचं की नाही ते डॉल्फिन ठरवेल. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये बोट कधीच घालायची नाही. आधीच दोन-तीन बोटी असतील तर तिकडे जायचंच नाही. आणि निघतानाच सांगून टाका की डॉल्फिन दिसला नाही तरी पूर्ण पैसे देणार. हे शेवटचं वाक्य ऐकलं की बोटवाल्याचा चेहरा बदलतो, बघा.

---

गुरांचा_डॉक्टर · 12 जानेवारी, दुपारी 2.05

मी पशुवैद्य आहे, काम सगळं गाई-म्हशींचं. पण डॉल्फिनबद्दल वाचायचा नाद जुना.

बाबांनी श्वास मोजले हे वाचून फार आनंद झाला. कारण डॉल्फिन समजून घ्यायची खरी सुरुवात तिथूनच होते. तो मासा नाही, त्याला आपल्यासारखीच फुप्फुसं आहेत. आपण झोपेतही आपोआप श्वास घेतो, त्याला मात्र प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो. म्हणून तो झोपतो तेव्हाही मेंदूचा अर्धा भागच झोपतो, दुसरा जागा राहतो. वर येऊन चार-पाच श्वास थोड्या थोड्या वेळानं घ्यायचे आणि मग लांब बुडी मारायची, असा त्याचा क्रम असतो. बोटी अंगावर आल्या की हा क्रम मोडतो. वर यायच्या जागी इंजिन दिसलं की तो कमी श्वास घेऊन पुन्हा खाली जातो. आपल्याला हुतूतू आठवा, दम पुरा भरायच्या आत पुन्हा पाठवलं तर काय होतं ते.

दुसरं, आवाज. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात साधारण 1500 मीटर. पाण्याखाली इंजिन आपल्या कल्पनेपेक्षा खूप लांबवर ऐकू जातं. डॉल्फिन बारीक टिकटिक सोडतो, ती माशावर, वाळूवर, जाळ्यावर आपटून परत येते आणि ती तो खालच्या जबड्याच्या हाडातून ऐकतो. त्यावरच तो शिकार शोधतो, त्यावरच पिल्लू आईला शोधतं. नऊ इंजिनांच्या मध्ये पिल्लू अंगाला चिकटून का होतं, ते यावरून समजेल. साधारण वर्षभर गर्भ, एका वेळी एकच पिल्लू, मग दीर्घकाळ दूध. म्हणजे एका मादीला काही वर्षांतून एकच. एक पिल्लू गेलं तर ते भरून निघायला किती काळ लागतो ते म्हैस पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

---

ऑरेंज_भाऊ · 12 जानेवारी, रात्री 8.40

सगळ्यांचे आभार. मिहानवाले भाऊ, "पैसे पूर्ण देणार" हे पटलं. डॉक्टर साहेब, हुतूतूचं पोरीले वाचून दाखवलं, तिनं लगेच दम धरून पाह्यला.

तिचा एक प्रश्न आहे. परदेशात म्हणे तलावात डॉल्फिनसोबत पोहता येतं, हात लावता येतो. आपल्याकडे असं कुठं आहे काय? म्हणजे समुद्रातल्याले त्रास नाही आणि पोराईची हौस पण होईल.

---

सिव्हिल_लाइन्स_वकील · 12 जानेवारी, रात्री 9.30

आपल्याकडे नाही, आणि नाही हेच चांगलं. मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं राज्यांना कळवलं की करमणुकीसाठी डॉल्फिन ठेवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नये. इतक्या बुद्धिमान आणि इतक्या मोठ्या पट्ट्यात फिरणाऱ्या प्राण्याला टाक्यात ठेवणं योग्य नाही अशी भूमिका होती. अनेक देशांत अजून हा धंदा चालतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत, म्हणजे वाघाला जितकं संरक्षण तितकंच. आणि या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फक्त मारणं इतकी नाही. कलम 2 च्या 16 व्या उपकलमात पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं याबरोबर पाठलाग करणं आणि हाकणं हेही शब्द आहेत. एखाद्या पर्यटन बोटीचं वागणं त्यात बसतं की नाही हे त्या त्या प्रकरणात न्यायालय ठरवेल. पण मुलांना सांगण्यासारखं आहे की कायद्यानं 'पाठलाग' हा शब्द 'शिकार' या शब्दाच्या पोटात ठेवला आहे.

---

पर्थमधली_नागपुरी · 13 जानेवारी, सकाळी 6.10

लक्ष्मीनगरची, आता बारा वर्षं ऑस्ट्रेलियात. हात लावण्यावरून लिहिते.

पर्थच्या उत्तरेला शार्क बे आहे, तिथे मंकी मिया नावाच्या किनाऱ्यावर जंगली डॉल्फिन गुडघाभर पाण्यात माणसांजवळ येतात. 1960 च्या दशकात मासेमारांनी खाऊ घालायला सुरुवात केली तेव्हापासून. मी मुलांना घेऊन गेले होते. खरंच पायापासून हातभर अंतरावर येतात आणि एका कुशीवर होऊन वर बघतात. त्यांचा तो डोळा मी विसरणार नाही.

पण तिथे काय घडलं तेही ऐका. सुरुवातीला कुणीही कितीही मासे द्यायचं. मग अभ्यासकांच्या लक्षात आलं की किनाऱ्यावर खाऊसाठी थांबणाऱ्या माद्यांची पिल्लं जास्त मरताहेत. आई माशांच्या बादलीपाशी उभी, पिल्लू मागे खोल पाण्यात एकटं. दूध कमी मिळतं, शिकार शिकायला मिळत नाही, शार्क मासे असतातच. 1990 च्या दशकात नियम बदलले. आता वनरक्षक मोजक्याच माद्यांना, सकाळीच, अगदी थोडे मासे देतात. बाकी सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, हात लावायचा नाही. मुलांना वाईट वाटलं, पण कारण सांगितल्यावर कुणी हट्ट केला नाही.

पोहण्याचं म्हणाल तर हवाईत 2021 पासून तिथल्या गिरक्या घेणाऱ्या डॉल्फिनच्या 50 यार्डांच्या आत जायलाच बंदी आहे. ते रात्रभर शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत झोपतात, आणि नेमकं तेव्हाच लोक त्यांच्यात पोहायला उतरायचे. आणि माणसालाही धोका असतो. जपानमध्ये फुकुईच्या किनाऱ्यावर डॉल्फिननं पोहणाऱ्यांना चावून जखमी केल्याच्या घटना 2022 पासून झाल्या आहेत.

---

वैनगंगाकाठ · 13 जानेवारी, दुपारी 12.30

पवनीचा आहे, ढीवर समाजाचा. आजोबा, वडील सगळे नदीवर. समुद्र मी पाहिलेला नाही.

जाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. जाळ्यात अडकला की डॉल्फिन बुडूनच मरतो, कारण वर येऊन श्वास घेता येत नाही. आमच्याकडे पाणमांजर अडकायचं, तेव्हा हेच व्हायचं. वडील जाळं कापून सोडायचे. त्या काळात जाळं कापणं म्हणजे आठ दिवसांची मजुरी कापणं, तरी कापायचे. पाणमांजर असलं तर पाण्यात मासळी आहे, असं ते म्हणायचे. कोकणातले मासेमारही असं करत असतील तर त्यांच्याबद्दलही कुणीतरी लिहा. नुसत्या बोटवाल्यांच्या चुका लिहून होत नाही.

माझ्या मुलानं विचारलं, गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात डॉल्फिन सोडले तर? मी त्याला म्हटलं, आधी पाण्याकडे बघ. नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं आणि धरणाच्या थांबलेल्या पाण्यात साचतं. आमच्या घाटावर उन्हाळ्यात पाण्याला हात लावावासा वाटत नाही. इथे जे नागपूरकर आहेत, त्यांना मी मनापासून सांगतो, डॉल्फिनवर प्रेम करता तर तुमच्या घरामागून वाहणाऱ्या नदीचंही बघा. ती आमच्याकडे येते.

---

महालची_लेक · 13 जानेवारी, दुपारी 1.15

दादा, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते पवनीला लहानपणी आत्याकडे असायचे, त्या घाटावर पोहलेले आहेत. बराच वेळ काही बोलले नाहीत. आमचं घर नाग नदीपासून चालत पाच मिनिटांवर आहे, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

---

भागलपूरला_चार_वर्षं · 13 जानेवारी, रात्री 10.05

वैनगंगाकाठ यांच्या मुलाच्या प्रश्नावरून. नदीतला डॉल्फिन असतो, पण तो मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. गोदावरीच्या किंवा वैनगंगेच्या पाण्यात तो नसतो. नोकरीनिमित्त मी भागलपूरला होतो. तिथे सुलतानगंजपासून कहलगावपर्यंत गंगेचा सुमारे 60 किलोमीटरचा पट्टा डॉल्फिन अभयारण्य आहे, 1991 पासून. तिथले लोक त्याला सोंस म्हणतात. घाटावर बसायचं, बोटही लागत नाही. म्हशी धुताहेत, कुणी कपडे आपटतंय आणि मध्येच सोंस वर येऊन सूं करून जातो. ते नाव त्या आवाजावरूनच पडलं असं तिथले लोक सांगतात.

महालच्या ताई, तुमच्या बाबांना हे नक्की सांगा. सोंस जवळजवळ आंधळा असतो. त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं, फार तर उजेड-अंधार कळतो. गंगेच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा तसाही उपयोग नाही. एका कुशीवर होऊन पोहतो, एक पर तळाला घासत जातो आणि सगळं जग आवाजानं ओळखतो.

2009 मध्ये तो राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला. मार्च 2025 मध्ये देशभरातल्या पहिल्या मोठ्या गणनेचे आकडे आले: 28 नद्या, साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास आणि एकूण 6,327 डॉल्फिन. त्यातले फक्त 3 सिंधू नदीच्या जातीचे, पंजाबात बियास नदीत. तीन. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला होता. धरणं आणि बंधारे आडवे आले की नदीतल्या डॉल्फिनचे तुकडे तुकडे होतात, इकडचे तिकडे जाऊ शकत नाहीत.

---

महालची_लेक · 14 जानेवारी, सकाळी 8.20

सगळ्यांना तीळगूळ घ्या, गोड बोला.

बाबांना सोंसबद्दल सांगितलं. तेव्हापासून भागलपूरला गाडी कोणती, कुठे बदलायची हे मला विचारत नाहीत, मला सांगताहेत. रेल्वेचं वेळापत्रक अजून तोंडपाठ आहे.

---

पेंचवाला · 14 जानेवारी, सकाळी 9.00

चिल्का सरोवरही लक्षात ठेवा, रायपूरमार्गे ओडिशा आपल्याला कोकणाइतकंच जवळ आहे. पुरीहून साधारण 50 किलोमीटरवर सातपाडा, तिथून बोटी सुटतात. तिथला इरावती डॉल्फिन वेगळाच: चोच नाही, गोल डोकं, उड्या नाहीत, क्षणभर वर येतो आणि जातो. सकाळी पहिल्या बोटीनं जा आणि अर्थातच इंजिन बंद करायला सांगा.

---

ऑरेंज_भाऊ · 19 फेब्रुवारी, रात्री 9.15

देवबागहूनच लिहून राह्यलो. आज सकाळी जाऊन आलो.

जे झालं ते खरं खरं सांगतो. सव्वासात वाजता निघालो. बोटवाल्याले आधीच म्हटलं, भाऊ, दिसो न दिसो, पैसे पूर्ण. तरुण पोरगा होता. एकदम मोकळा झाला, म्हणे मग मी तुम्हाला माझ्या जागेवर नेतो. बाकीच्या बोटी होत्या तिकडे नेलंच नाही. इंजिन बंद. धाकटा पंधरा मिनिटांत कंटाळला, त्याले उलटी पण झाली. आई देवाचं नाव घेत बसली. तासभर काहीच नाही. मलेच वाटलं, आपण चुकलो काय.

मग दोन दिसले. जवळ नाही आले. असतील शंभर-सव्वाशे मीटरवर. पाठ दिसली, पर दिसला, बस. पण पाणी इतकं शांत होतं की आवाज बोटीपर्यंत आला. ताई, तुम्ही लिहिलेला तो आवाज. आईनं जप थांबवला. पोरगी उभी राहिली होती, ती हळूच खाली बसली आणि तोंडावर हात ठेवला, ओरडू नाही म्हणून. तिले कोणी सांगितलं नव्हतं.

दुरून पाह्यल्याचं वाईट वाटलं काय, असं तिले विचारलं. तिनं उत्तरच नाही दिलं, वही मागितली.

---

महालची_लेक · 19 फेब्रुवारी, रात्री 9.40

किती बरं वाटलं वाचून. बाबा शेजारी बसले आहेत, त्यांचा एकच प्रश्न आहे: दोन श्वासांच्या मध्ये किती सेकंद गेले?

---

ऑरेंज_भाऊ · 19 फेब्रुवारी, रात्री 9.55

पोरीनं मोजले आहेत, चित्राखाली लिहून ठेवले. 22, 19, 24, 20. मग जवळजवळ 3 मिनिटं काहीच नाही. मग पुन्हा 21. आजोबांना सांगा, उद्या सकाळी ती परत मोजणार आहे.